दाताच्या दवाखान्यातला पहिला नंबर

मी पत्रकांवर वाढले. बाबा कामगार संघटनेत होते. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर कारखान्याच्या गेटवर ते वाटायला जायचे. बाबांचा एक नियम होता: पत्रकात शिव्या घालायच्या नाहीत, एक प्रश्न विचारायचा. मला मात्र शिव्याच आवडायच्या.

तीन वर्षांपूर्वी मला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, दोन्ही निघाले. कसे, ते विचारू नका. सगळे तेच विचारतात. रोजच्या एका गोळीत दोन्हींवरचं औषध आहे, ती मी चुकवत नाही. दारू नाही, आणि मनाने कुठलीही वेदनाशामक गोळी नाही, कारण यकृत जपायचं. हे मला आमच्या आधारगटातल्या ताईंनी शिकवलं. माझी दाढ सुजली तेव्हाही त्यांनीच बजावलं, "दवाखान्यात फॉर्मवर खरं लिही. औषध देताना त्यांना माहीत हवं."

नारायण पेठेत मी तेव्हा राहायचे त्या गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना. सकाळी दहाचा पहिला नंबर माझा. मी खरं लिहिलं. रिसेप्शनवरच्या बाई फॉर्म घेऊन आत गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या.

"मॅडम, तुम्ही शेवटी बसा. दुपारी दीडला या."

"माझा नंबर पहिला आहे."

"हो, पण तुमच्यानंतर सगळं नीट धुवावं लागतं ना."

गाल इतका ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं. जिभेवर शिव्याही आल्या. पण त्याच क्षणी मला प्रश्न दिसला, आयता, पत्रकावर ठळक छापल्यासारखा. फक्त तो मोठ्याने विचारायचा तर आजारही मोठ्याने सांगावा लागणार होता. आणि बाकावर बसलेले पाचही जण आमच्याच गल्लीतले. घरमालकीण पुढच्याच वाड्यात. खोली गेली असती.

मी उभी राहिले. "मला एचआयव्ही आहे. हिपॅटायटिस बी आहे. म्हणून मला शेवटी बसवताहेत, का, तर माझ्यानंतर सगळं नीट धुवावं लागतं. म्हणजे या सगळ्यांच्या नंतर नीट धूत नाहीत का?"

एका बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. तो आवाज मी विसरलेले नाही. मग कोपऱ्यातल्या काकांनी पेपर खाली केला.

"अहो, उत्तर द्या की. मलाही ऐकायचंय. गेल्या आठवड्यात माझी दाढ काढलीत. माझ्या आधी कोण होतं?"

"काका, तसं नाही..."

"तसं नाही म्हणजे कसं?"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. "काय गडबड आहे?"

"गडबड नाही. भांडी घासण्याची चौकशी चाललीय," काका म्हणाले.

"प्रत्येक पेशंटनंतर आमची सगळी उपकरणं निर्जंतुक होतात," डॉक्टर म्हणाले.

"मग मी शेवटी का?"

ते माझ्याकडे बघेनात. बाकावर बघू लागले, तर बाक त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला. मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तो घाम बघत दिवसभर उभं राहायला आवडलं असतं.

"हिचा नंबर पहिला आहे ना?" काकांनी पेपर पुन्हा वर केला. "मग घ्या. मलाही बँकेत जायचंय."

डॉक्टरांनी माझ्यासमोर उपकरणांचं सीलबंद पाकीट फोडलं आणि दाढ काढली. गोळ्याही यकृताला झेपतील अशाच लिहून दिल्या. माफी मागितली नाही, मीही मागू दिली नसती. माफीने ते सुटले असते.

खोली गेलीच, आठवड्याभरात. आता मी कर्वेनगरला राहते, ताईंच्या घराजवळ. पण दात दाखवायला दर सहा महिन्यांनी बस पकडून त्याच दवाखान्यात येते, सकाळी दहाचा पहिला नंबर घेऊन. दुसरा नंबर ताईंचा असतो. खुर्चीत बसले की मी म्हणते, "पाकीट दाखवून फोडा." ते दाखवतात.

माझे रिपोर्ट चांगले आहेत. मला म्हातारी व्हायचंय, आणि तोवर दर सहा महिन्यांनी त्यांना माझ्या तोंडात बघावं लागणार आहे.