आत्याची खुर्ची

आत्या खुर्ची ओढत कुणाच्या टेबलाकडे निघाली, की अख्ख्या ऑफिसचे कीबोर्ड थांबायचे. "वाईट बातमी उभ्याने द्यायची नाही, आणि मध्ये टेबल ठेवून तर नाहीच," असं ती म्हणायची. त्यामुळे ती ज्याच्या शेजारी बसेल, त्याचा चेहरा तिने तोंड उघडायच्या आधीच उतरायचा. एकदा तिला लेकीच्या साखरपुड्यासाठी बोरीवलीत बरासा हॉल कुठे मिळेल, एवढंच विचारायचं होतं. पण खुर्चीचा आवाज ऐकून अकाउंट्समधल्या पेडणेकरांनी चक्क आपला ड्रॉवर आवरायला घेतला.

आमच्या गोरेगावच्या कंपनीची ती एचआर. कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या घरी भांडणं चाललीत, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून सगळ्यांचीच आत्या. मी तिच्या हाताखाली लागले, तेव्हा कॉम्प्युटर माझ्याकडे आणि माणसं तिच्याकडे अशी वाटणीच झाली.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. हजेरी, रजा, मुलाखतीला कुणाला बोलवायचं, सगळं तेच ठरवू लागलं. "त्याला विचार ना, पेडणेकरांना उशीर का होतो ते," आत्या मला चिडवायची. त्याच्याकडे उशिराची मिनिटं असायची, कारण नसायचं. मी हसायचे. पण त्या सॉफ्टवेअरमुळे ऑफिसात माझं वजन वाढत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी वरून निरोप आला. कामावरून कमी करायच्या लोकांची यादी सॉफ्टवेअरने काढली होती, साहेबांनी मंजूरही केली होती. पत्रं चार वाजता ईमेलने आपोआप जाणार होती. आम्ही काहीच करायचं नव्हतं. दोन वाजता मी यादी उघडली. नऊ नावं. नववं आत्याचं.

तेवढ्यात तीच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी घाईघाईने आठच नावं छापली आणि कागद तिच्या हातात दिला. त्याची मला अजून लाज वाटते.

"किती वाजता जाणार मेल?"

"चारला."

"मग त्याच्या आधी मी पोचते," म्हणाली आणि खुर्ची ओढत निघाली.

पहिलेच पेडणेकर. ते रडले. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली, मग उठली, पुढच्या टेबलाकडे गेली. तीन वाजले, साडेतीन झाले. लादीवर खुर्ची करकरत राहिली. मी दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. ती कामात आहे, हे निमित्त मला पुरत होतं.

चारला दहा मिनिटं असताना ती जागेवर परतली आणि ओढणीने तोंड पुसू लागली. मी माझी खुर्ची ओढत नेली. सगळ्यांनी माना वर केल्या. तिच्या शेजारी जाऊन बसले.

"किती उशीर गो," आत्या म्हणाली. "दोन वाजल्यापासून वाट बघतेय तुझी."

"तुला माहीत होतं?"

"स्क्रीनवर नऊ नावं दिसत होती, कागदावर आठ. तेवढं मला कळतं." तिने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. "पी आधी. आणि आता नीट सांग मला. सोमवारपासून हे तुलाच करायचंय."

मी सांगितलं. अर्धवट न सोडता, तिच्याकडे बघून. चार वाजता तिचा फोन वाजला. तिने तो उलटा करून ठेवला आणि माझा हात हातात घेतला.