तो दिवा रामोजीनं बरोबर केला होता

माझ्या मेहुण्याचा, रामोजीचा, डावा डोळा त्यानंच दुरुस्त केलेल्या पितळी दिव्यानं फुटला.

रामोजी काल गेला. एकाच डोळ्यानं बघत गेला.

इथं तमिळ मुलखात, राजवाड्यामागच्या आपल्या मराठी गल्लीत त्याचं छोटं दुकान. आज्या-पणज्यांचे तेलाचे दिवे यायचे. हा त्यांना बल्बचा होल्डर बसवायचा, नवी वायर ओवायचा.

आपल्याकडे दिवेलागणीला बायका हातपाय धुतात आणि ओल्या हातानंच दिव्याला शिवून नमस्कार करतात. तेल जाऊन करंट आला, हात ओलेच राहिले.

म्हणून रामोजी अर्थिंगची हिरवी वायर आणि थ्री-पिन प्लग लावल्याशिवाय दिवा सोडायचा नाही. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, मग हळदकुंकू लावून फळीवर ठेवा, स्विच लावू नका.

एका संध्याकाळी मी दुकानात कॉफी पीत बसलो होतो.

शेजारच्या गल्लीतल्या घरचा थोरला मुलगा आला. वायरीला धरून दिवा फरफटत आणलेला.

त्याची आई त्या दिव्याला शिवली होती. शिवली ती सुटलीच नाही.

त्यानं काही विचारलं नाही. दिवा उचलला आणि रामोजीच्या तोंडावर घातला.

फळीवरच्या काचा खळाखळा फुटल्या. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, त्यानं मला कपाटावर भिरकावलं. पुन्हा दिवा. पुन्हा.

रामोजी काचांत पडलेला. डोळ्यातून रक्त. हाताला त्या वायरीचं टोक लागलं.

टू-पिन प्लग.

"हा प्लग कोणी बदलला?" रामोजीनं विचारलं.

मुलगा थांबला. हात वरच राहिला.

मग आधीपेक्षा जोरात मारलं.

लोकांनी ओढून काढलं तेव्हा रामोजी शुद्धीवर नव्हता.

नंतर मी प्लग उघडून पाहिला. त्यांच्या जुन्या बोर्डाला भोकं दोनच. चांगली वायर वाया कशाला घालवायची म्हणून पोरानं हिरवी वायर करंटच्या लाल वायरीबरोबर पिळून बसवलेली. सगळं पितळ करंटवर.

मी पोलिसांकडे निघालो. रामोजीनं खाटेवरून माझं मनगट धरलं.

"अण्णा, त्याला कळलंय. स्वतःच्या हातानं आई गेली. आता आणखी काय करायचं त्याला?"

माझी बहीण कमळा उशाशी बसली होती. तिनं विचारलं, "आणि तुमचं नाव?"

तो भिंतीकडे वळला.

नाव गेलंच. गल्लीतला एकही दिवा पुन्हा आला नाही. ज्यांच्या कानावर गेलं नव्हतं असे लांबच्या पापनाशम गावाकडचे लोक तेवढे यायचे. मागून पोरं म्हणायची, शॉकवाला.

काल तिरडी बांधली, तेव्हा तो मुलगा आला. केस पिकलेत. खांदा द्यायला वाकला.

कमळा मध्ये उभी राहिली.

"हात लावू नकोस. आधी सांग."

तो तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला.

"आपल्या भाषेत सांग. मोठ्यानं. यांना आयुष्यभर ऐकायचं होतं ते."

सगळी गल्ली उभी होती.

"प्लग मी बदलला होता," तो म्हणाला. "रामोजीमामांचं काम बरोबर होतं. आई माझ्यामुळं गेली."

आणि तिथंच खाली बसला.

मग कमळा तिरडीपुढून बाजूला झाली.

जे काल नव्हते त्यांच्यासाठी हे लिहिलं. ज्यांना ही देवनागरी लिपी येत नाही त्यांना घरातल्या कुणीतरी वाचून दाखवावं.

रामोजी, तुझं काम चोख होतं. आता सगळ्यांना माहीत आहे.

जाऊन ये, बाबा.