भरलेला माठ

हिमाचलच्या सहलीहून आम्ही दोघं नाशिकरोडला उतरलो तेव्हा सकाळचंच ऊन चटकायला लागलं होतं. रिक्षातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता, घर किती धुळीने भरलं असेल! मे महिन्यात पंधरा दिवस बंद असलेला फ्लॅट. दार उघडलं की कोंदट वास नाकात शिरणार, हे ठरलेलंच.

पण वास आलाच नाही. उलट उदबत्तीचा मंद वास होता. बाल्कनीतली तुळस मी सुकलीच असं धरून चालले होते, ती हिरवीगार होती. तिच्याखालची माती ओली होती.

"अरे, हे बघ," मी नवऱ्याला हाक मारली. तो स्वयंपाकघरात माठातलं पाणी भांड्यात घेऊन उभा होता.

"माठ भरून ठेवला होतास का तू?"

"छे! पालथा घालून गेले होते मी."

त्याने भांड्यातलं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. आम्ही घरभर फिरून पाहिलं. दाराचं लॅच शाबूत. कपाटं, दागिने, लॅपटॉप, सगळं जागच्या जागी. फक्त मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली होती आणि ओट्यावर कुकर पालथा घातलेला होता. आत हात घातला तर ओलसर लागला.

मळक्या कपड्यांचा ढीग मशीनला लावून मी कचरा ठेवायला बाहेर गेले. समोरच्या फ्लॅटमध्ये नुकत्याच राहायला आलेल्या काकू दारातच होत्या.

"झाला का प्रवासाचा शीण कमी? कालच आलात ना?"

"नाही हो, आत्ताच येतोय."

"अगंबाई! काल दुपारी तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या की. मला वाटलं, आलात."

मी आत येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, आवाज वरच्या मजल्यावरून आला असेल. पण त्या रात्री त्याने दाराला आतून खुर्ची लावली, ते मी पाहिलं.

सोमवारी तो ऑफिसला गेला. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. दुपारी जेवून नुकतीच लॅपटॉपसमोर बसले होते, तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला. नवरा लवकर आला असं वाटून मी वळले, तर दार हलकेच उघडून एक म्हातारी बाई आत आली. सुती नऊवारी, हातात मेथीची जुडी. सवयीनं तिने चपला कोपऱ्यात काढल्या, दार लावलं आणि मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"कोण पाहिजे तुम्हाला?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात इतकी खात्री होती, की क्षणभर मीच चुकून भलत्याच घरात शिरलेय की काय, असं वाटलं.

"बसा, उन्हातून आलात," ती म्हणाली. माझ्याच माठातलं पाणी माझ्याच पेल्यात घालून तिने माझ्यापुढे धरलं. "हे अंघोळीला गेलेत. येतीलच एवढ्यात."

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नाही हे मला ठाऊक होतं, तरी त्या दारावरून माझी नजर हलेना. ती मात्र निवांतपणे जमिनीवर बसून मेथी निवडू लागली.

तिची मान एका बाजूला कलली तेव्हा मला ओळख पटली. दोन वर्षांपूर्वी हा फ्लॅट आम्ही ज्यांच्याकडून घेतला, त्यांची आई. व्यवहाराच्या दिवशी ती कोपऱ्यात गप्प बसून होती. कुलूप बदलायचं आमच्याकडून राहूनच गेलं होतं.

मी तिच्या मुलाला फोन केला. तो मागच्याच सोसायटीत राहत होता. धापा टाकत आला.

"माफ करा, ताई. दुपारी देवळात जाते म्हणून सांगते हो ती. वडील गेले ना, तेव्हापासून तिला काळवेळाचं भान राहत नाही."

"कधीपासून जातात देवळात?"

तो गडबडला. "इथून गेल्यापासूनच. रोज."

म्हणजे फक्त सुट्टीत नाही. आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर रोज दुपारी या घरात तिचा संसार चालू होता. आम्ही संध्याकाळी येऊन ज्या पलंगावर टेकायचो, तिथे ती नुकतीच उठून गेलेली असायची.

मुलाने किल्ली मागितली, तर तिने मूठ घट्ट मिटली. "घराची किल्ली कुणाला देतात का?"

किल्ली तिच्याकडेच राहिली. आम्ही लॅच बदललं. पुढचे कितीतरी दिवस दुपारी तीच किल्ली नव्या लॅचमध्ये खरखरायची. मी घरी असले की दार उघडायचे, तिला बसवायचे आणि मुलाला फोन करायचे. बाकीच्या दिवशी ती दारापुढे किती वेळ उभी राहत असेल, याचा विचार करायचं मी टाळत असे.

हळूहळू आमचं रोजचं सुरू झालं. डबे, ऑफिस, भाजी. एका दुपारी मी दार उघडलं तर ती माझ्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाली, "हे आले का गं?"

वडील गेले, हे मुलाने तिला माझ्यासमोरच कितीदा तरी सांगितलं होतं. मीही तेच सांगणार होते.

"अजून नाही," मी म्हणाले. "या ना, बसा."

आणि मग आम्ही दोघी वाट पाहत बसलो.