सपोर्ट बँडचा आवाज

आज सकाळी बायकोने माझ्या जुन्या काळ्या टी-शर्टचं फडकं करून ओटा पुसायला घेतला आणि माझं डोकंच फिरलं. त्यावर एका ब्राझिलियन मेटल बँडचं नाव होतं. पुण्यात कॉलेजला असताना त्यांच्या कॅसेट मी झिजवल्या होत्या.

दोन हजारच्या दशकात मी इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला आलो, तेव्हा ते इथे वाजवायला आले. आपल्या देशात स्टेडियम भरून टाकणारी ही माणसं इथे एका इंग्लिश बँडच्या आधी अर्धा तास वाजवणार होती. बिअर सांडून चिकट झालेल्या त्या हॉलमध्ये त्यांची गिटार शेजारच्या घरात वाजत असल्यासारखी ऐकू येत होती. मी तणतणत साउंडवाल्याकडे गेलो.

"आवाज वाढव की!"

तो थंडपणे म्हणाला, "सपोर्ट बँडला एवढाच. मेन बँडपेक्षा मोठा वाटता कामा नये. रीतच आहे तशी."

तेवढ्यात ड्रमरने समोरचे माइक हाताने ढकलून दिले आणि तो नुसता बडवत सुटला. ड्रमला आवाजासाठी माइक लागत नाही, मग कुणाची परवानगी लागते? माझ्या छातीत हादरे बसत होते. तेव्हा मी खुशीत नाचलो. आज कळतं, तो वाजवत नव्हता, भांडत होता. पुढे वर्षभरात बँड फुटला.

फडकं हातात धरून मी हे सगळं बायकोला सांगत होतो.

"अरे, हळू बोल," ती म्हणाली, "नेबर्स ऐकतील."

इतकी वर्षं लीड्समधल्या या घरात आम्ही हळूच बोलतोय.

"ऐकू देत!" मी ओरडलो.