शक्ती कमी करायची गोळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. धाराशिवला राहून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. त्यामुळं आईच्या बोटांचे सांधे सुजायला लागले आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली, तेव्हा ती समजावून सांगायचा मान मी स्वतःकडंच घेतला.

लक्षात राहावा म्हणून मंगळवार ठरवला. मंगळवार तुळजाभवानीचा, आईचा उपवास. विसरायचा प्रश्नच नाही. मग मी परीक्षेत लिहावं तसं म्हटलं, "आई, ह्या गोळीनं प्रतिकारशक्ती कमी होते."

आईनं मान डोलावली.

दोन महिन्यांनी तिला भाकरी थापता येईना. पिठाला हात लावायची आणि तसाच मागं घ्यायची. एक दिवस देव्हारा पुसताना कुंकवाच्या डब्यामागं मला गोळ्या सापडल्या. सगळ्या.

"आई, ह्या काय गं?"

"देवीच्या वारी शक्ती कमी करायची गोळी खाऊ व्हय? लई शिकलीस गं तू!"

मला हसू आलं, आणि मग लाज वाटली. शब्द माझाच होता.

आईनं तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यात कितीतरी वर्षं वाती बसवल्या. त्या पगारावर मी शिकले. तिचे हात कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून मी शेजारी बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींच्या पोटात विषाच्या पुड्या असतात."

"दारूच्या पुड्यांवानी?"

"तशाच. रोगट पेशी दिसली की तिला चिकटायचं आणि पुडी तिच्याच अंगावर सोडायची. शेजारणीला धक्का नाही. पण पहिल्यांदा कामाला लागायचं तर एका इशाऱ्यावर लागत नाहीत, दोन इशारे मिळावे लागतात."

"आमच्यात बी तसंच. दारू एका खोलीत, वात दुसऱ्या खोलीत. दोन्ही एका जागी आल्याबिगर काय होत न्हाय."

हे मी रात्री जागून पाठ केलं होतं. तिला हातानं ठाऊक होतं.

"पर थांबवायचं कुणी?" तिनं विचारलं. "ऊन चढलं की दारू पेटायचं भ्या, मग मुकादम म्हणायचा, काम बंद. ह्यांचा मुकादम कोण?"

"त्यांच्यातल्याच काही पेशी. त्या बाकीच्यांना आवरतात."

"मग माझ्या बोटात काय झालंय?"

"मुकादमाचं कुणी ऐकेना झालंय. तुझ्या सांध्यालाच परकं समजून कामाला लागल्यात."

मला वाटलं, ती चिडेल. तिनं पाण्यातून बोटं वर काढली, उलटीसुलटी करून पाहिली.

"माझ्याच हायेत ना. राबायची सवय. त्यांना बी थांबता येईना."

मी पातेल्यात आणखी कोमट पाणी ओतलं. तीच म्हणाली, "ही गोळी मारती का त्यांना?"

"नाही. जोर कमी करते. म्हणून ताप आला तर लपवायचा नाही, लगेच सांगायचं."

"असं सांग की. काम बंदची गोळी. मधीच शक्ती कुठनं काढलीस?"

मी डॉक्टरांना फोन केला. आधी बोलणी खाल्ली. आईचं रक्त तपासून झाल्यावर ते म्हणाले, कुठलाही वार धरा, पण तोच धरा. आईनं बुधवार धरला.

बुधवारी जेवण झाल्यावर ती पाकीट घेऊन बसली. बोटांनी गोळी निघेना. मी काढून तिच्या तळहातावर ठेवली. पाण्याचा तांब्या उचलण्याआधी तिनं त्या सुजलेल्या बोटांकडं बघितलं आणि कारखान्यातल्या बायकांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"ऊन चढलंय गं बायांनो. बसा जरा."