धडधाकट पोराचा नमुना

पेणहून रोह्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाचा डबा होता आणि शेजारणीचा डोळा त्या डब्यावर.

"म्हावरं (मासळी) हाय काय गो?"

"नाही."

"मग बरफ कशाला?"

खरं सांगितलं असतं तर बाई उठूनच गेली असती. देशभर नवं काम सुरू झालं होतं. कुठल्याही मुलाचा पाय अचानक लुळा पडला की आम्ही डॉक्टरांनी तिथं जायचं आणि त्याची शी बर्फात ठेवून मुंबईला तपासायला न्यायची. पोलिओ निघाला तर आसपासच्या सगळ्या पोरांना डोस. नमुना चुकला तर रोग बिनबोभाट पुढच्या गावात.

अशा एका पोराची खबर आली होती, म्हणून वाटेत निडी गावाला उतरले. धाटावच्या कारखान्यात शिफ्टला निघालेल्या स्कूटरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "लंगडं पोर? आमच्यात नाय." इतक्या झटकन नाही म्हणतोय म्हणजे आहेच, असं मी ओळखलं. पुढं एका बाईनं नुसत्या हनुवटीनं घर दाखवलं.

लहानगा गणेश चटईवर होता, डावा पाय नुसता पडलेला. सकाळपासून शी झाली नाही, असं आई म्हणाली. आजीनं मला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. बिरडं झकास होतं. जेवण होतंय तोवर आजीनं नमुन्याची भरलेली डबी आणून ठेवली!

सकाळपासून न झालेली शी इतक्यात कशी झाली? मला कुठलं चैन पडतंय? मागच्या दारी गेले, तर एक गुटगुटीत पोर चड्डी सावरत उभं.

"आजी, ही याची ना?"

"व्हय. गणेशच्या चुलतभावाची. आजारी पोराचं काय बी परक्याच्या हाती देत नाय आमी. कोण करणी (जादूटोणा) करील."

"आणि याच्यावर केली म्हणजे?"

"तो धडधाकट हाय. त्याला काय व्हतंय?"

मी कपाळावर हात मारला. शेवटी गणेशच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की तपासणीखेरीज डबा कुणी उघडणार नाही. दुपारी खरा नमुना मिळाला. तो आजीनं स्वतः बर्फात रोवला आणि डबा उचलून फाट्यापर्यंत आली.

गाडी दिसली तशी म्हणाली, "आता पाय येल ना गो त्याचा?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "आजी, यानं त्याचा पाय नाही यायचा. दुसऱ्या पोरांचे वाचतील."

तिनं डब्याची कडी सोडली नाही. "मग आदी का नाय बोललीस?"

कंडक्टर ओरडायला लागला. मग आजीनंच डबा वर चढवला.

"ने. त्या चड्डीवाल्याला तरी डोस दे."

पेण येईपर्यंत डबा मांडीवरून हलवला नाही. शेजारच्यानं विचारलंच, "म्हावरं काय?"

"नाही," मी म्हटलं, "एका पोराचं आहे. जपून न्यायचंय."