अंधाराला अंधार म्हणणारी रूथ

नाताळ तोंडावर आला होता. सकाळी पोळ्या लाटत होते, तर दारात सुहास, समोरच्या रूथचा मुलगा. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. लाटणं हातात घेऊनच मी समोरच्या घरात गेले... दीड महिना झाला, अजून समोरचं दार वाजलं की वाटतं, आली बाई गप्पा मारायला.

कोथरूडच्या आमच्या इमारतीत आम्ही तीसेक वर्षं समोरासमोर. मी बुद्धवंदना म्हणणारी, ती चर्चला जाणारी. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे तिचा आगमनकाळ, येशूच्या येण्याची वाट बघायचा. टेबलावर चार मेणबत्त्या; पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशी चढत जायची. एकदा दुसऱ्याच आठवड्यात वीज गेली, तर मी आपली मदत म्हणून चारही पेटवल्या. तिनं येऊन दोन विझवल्या. म्हणाली, "ताई, अंधार आहे तर आहे म्हणावं. येणारा आलाच, असं सोंग करायचं नसतं." वर विचारते कशी, तुमचा वाढदिवस आहे का आज?

आणि अशा बाईशी आम्ही सगळे खोटं बोललो. गेल्या पावसाळ्यात तिच्या पोटात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. सुहासनं बजावलं, आईला अल्सर सांगायचं, नाहीतर ती हाय खाईल. मग काय, डॉक्टर अल्सर म्हणाले, मीही अल्सर म्हणाले. येणारे-जाणारे, नाताळापर्यंत ठणठणीत व्हाल, असं सांगून शहाळी ठेवून जायचे. ती ऐकून घ्यायची. हळूहळू बोलेनाशी झाली. ते गप्प होणं आम्ही औषधांवर ढकललं.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी तिला उठवेना. सुहास मेणबत्त्या घेऊन तिच्या पलंगाशी आला आणि नेहमीसारखं म्हणाला, पुढच्या नाताळात केक तूच करायचास.

"मला काय झालंय ते मला ठाऊक आहे, सुहास. पण तुझ्या तोंडून हवंय."

काडेपेटी त्याच्या हातातच राहिली. "कॅन्सर आहे, आई... बरा नाही होणार." आणि तिच्या कुशीत डोकं खुपसून रडला. मला वाटलं, आता ही कोसळते. तर त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं बोललास. इतके महिने मी एकटीच मरत होते."

मी वेडी, विचारून बसले, मग आता मेणबत्ती कशाला गं? म्हणाली, "बरं व्हायला मी ती पेटवतच नाही, ताई. अंधारातही कुणीतरी येतं, म्हणून पेटवते."

मग ती बोलत सुटली. नवऱ्याबद्दल, सुहासच्या लहानपणाबद्दल, आपल्याला कुठली साडी नेसवायची त्याबद्दल. चर्चमध्ये रडकी गाणी नकोत म्हणाली. किती साठलं होतं तिच्यात! पण पुरता आठवडाही नाही मिळाला. पावसाळ्यापासूनचे सगळे दिवस आम्ही त्या अल्सरवर घालवले... ते कुणी परत आणून देणार नाही.

सुहास आता समोर एकटाच असतो. परवा वाटीभर भाजी घेऊन गेले आणि विचारलं, कसा आहेस रे? 'मजेत' म्हणायला तोंड उघडलं त्यानं, मग थांबला. "बरा नाहीये, मावशी. कामावरून आलो की अजून तिला हाक मारतो."

मी म्हटलं, मीही नाही रे बरी. आणि वाटी तशीच हातात धरून रूथच्या पलंगाच्या कडेवर टेकले.